बँक्वेट, पंगत आणि आपलं वात्सल्य



लग्नसराई संपली की प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा उरतो. माझ्याकडे तो वर्षभर पुरतो, कारण कोऱ्या बाजूवर मी किराण्याची यादी लिहिते. लिहिता लिहिता छापील बाजूही वाचली जाते, आणि अलीकडे तिथे एक शब्द सारखा भेटतो : बँक्वेट. "ग्रँड बँक्वेट, रात्री ८ पासून." कुठे "रॉयल बँक्वेट". एका पत्रिकेत तर "बँक्वेट डिनर" होतं. म्हणजे जेवणाचं जेवण!

आपल्या मारवाडी घरांच्या जुन्या पत्रिका काढून बघा. तिथे "प्रीतिभोज" असायचं आणि पुढे "आपल्या आगमनापर्यंत". किती गोड शब्द आहेत ते! तुम्ही येईपर्यंत आमची पंगत उठणार नाही, असं यजमान कागदावर लिहून द्यायचा. आता त्या जागी हॉलचं नाव आणि घड्याळाची वेळ असते. माझ्या पुतणीने परवा विचारलं, "काकू, बँक्वेट म्हणजे नक्की काय? बफेच ना?" प्रश्न साधा होता. पण उत्तर शोधायला बसले तेव्हा वाटलं, हे तुमच्याशीही बोलायला हवं. आपण जेवणाला कोणतं नाव देतो, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं.

आधी शब्दाकडे बघू. बँक्वेट हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये इटालियनमधून. मूळ शब्द "बांको", म्हणजे बाक. त्याचं लहान रूप "बांकेत्तो", छोटा बाक. झालं एवढंच. आज झुंबरांखाली चाळीस पदार्थ मांडणारा हा शब्द जन्मला एका छोट्या बाकापासून. मधल्या काळात इंग्लंडमधल्या श्रीमंत घरांत मुख्य जेवण आटोपल्यावर मिठाई, सुकवलेली फळं आणि मद्य यांचा जो शेवटचा थाट असायचा, त्यालाही बँक्वेट म्हणत. त्यासाठी बागेत किंवा गच्चीवर वेगळी खोलीसुद्धा बांधत. म्हणजे पोट भरल्यानंतरचं खाणं! आजच्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ आहे पुष्कळ पाहुण्यांसाठी दिलेलं औपचारिक, थाटाचं भोजन, ज्यात भाषणं होतात आणि मानपान असतो. परदेशी राष्ट्राध्यक्ष आले की राष्ट्रपती भवनात त्यांना जे भोजन दिलं जातं, ते बँक्वेट. तिथे तो शब्द शोभतो, कारण ते राजशिष्टाचाराचं काम आहे.

या शब्दाची भावंडंही ऐका. त्याच बाकावर बसून इटलीतले सराफ पैशांची देवघेव करायचे, त्यावरून "बँक" आला. आणि इटालियनमध्ये "बांका रोत्ता" म्हणजे मोडलेला बाक, त्यावरून आला "बँकरप्ट", दिवाळखोर. बँक, बँक्वेट आणि बँकरप्ट ही एकाच घरातली तीन भावंडं! मुलीच्या लग्नासाठी कर्ज काढणाऱ्या बापाला हे नातं कोशात शोधावं लागत नाही.

बफेचंही तसंच. मुळात फ्रेंचमध्ये बफे हे एका फर्निचरचं नाव, ताटंवाट्या आणि पदार्थ मांडून ठेवायचं कपाट-टेबल. म्हणजे बँक्वेट बाकावरून आलं आणि बफे कपाटावरून. दोन्ही नावं सामानाची आहेत.

आता आपल्या भाषेतले शब्द घ्या. पंगत हा शब्द पंक्तीपासून आला, पंक्ती म्हणजे ओळ. ओळ कुणाची? बसलेल्या माणसांची. मेजवानी फारसीतून आली, मेजबान म्हणजे यजमान. गावजेवण म्हणजे सगळ्या गावाचं जेवण. आणि मला सगळ्यात आवडतं ते चूलबंद आवतण. ज्यांना आपल्या खेड्यांची सवय आहे त्यांना ते माहीत असेल. आवतण द्यायला आलेला माणूस उंबऱ्यात उभा राहून सांगायचा, "चूलबंद आवतण आहे बरं का." म्हणजे घरातल्या लहानथोरांनी, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी, आलेल्या पाहुण्यानेसुद्धा यायचं. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये. यात बाईचा विचार आहे, मैत्रिणींनो. त्या घरच्या बाईला एक दिवस चुलीपासून सुट्टी, हा निमंत्रणाचाच भाग होता. बँक्वेटच्या पत्रिकेवर मात्र "श्री व सौ." एवढंच असतं, कारण प्लेटचा हिशोब असतो.

आपल्या बीड जिल्ह्यातलं नारायणगड सगळ्यांना ठाऊक आहे. नगद नारायण महाराजांचं हे स्थान, लोक त्याला धाकटी पंढरी म्हणतात. भगवानबाबाही आधी याच गडावरचे, मग त्यांनी भगवानगड उभा केला. आपण जैन, आपली उपासना वेगळी. पण शेजारधर्माने, व्यापारधर्माने आपल्या कितीतरी घरांचा गडावर येणाऱ्या माणसांशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. त्या वारकरी पंगतीला काय म्हणतात? महाप्रसाद. पिठलं-भाकरी असो की बुंदी, नाव तेच. सप्ताहात काल्याचं कीर्तन झालं की सगळे खाली बसतात, पत्रावळ येते, वाढपी ओळीने वाढत जातो आणि सगळ्यांचं वाढून झाल्याशिवाय कुणी घास घेत नाही. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. भाकरी गावोगावच्या घरांतून येते आणि आमटी तिथे मोठमोठ्या कढयांत शिजते. म्हणजे हजारो माणसं जेवतात ती हजारो घरांच्या तव्यांवरची भाकरी. याहून मोठं जेवण मला माहीत नाही, पण त्याला कुणी ग्रँड म्हणत नाही. तिकडे नांदेडला हुजूर साहिबच्या लंगरमध्येही शब्द तोच, पंगत. संगत आणि पंगत. राजा असो की रंक, एका ओळीत, जमिनीवर.

मग आपल्या धर्मात जेवणाला काय नावं आहेत? सगळ्या संघाला जेवू घालणं म्हणजे स्वामीवात्सल्य किंवा साधर्मिक वात्सल्य. वात्सल्य म्हणजे गाईची वासराविषयीची माया. जेवणाच्या नावात पदार्थ नाही, जागा नाही, थाट नाही, फक्त माया आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतलं शेवटचं व्रत आहे अतिथिसंविभाग. मुख्यतः ते साधू-साध्वींना दान देण्याचं व्रत. पण शब्द नीट बघा : संविभाग, म्हणजे स्वतःसाठी जे आहे त्यातला योग्य वाटा काढून देणं. पाहुण्यासाठी वेगळा देखावा मांडणं यात बसत नाही. घरात जे शिजलं त्यातलंच द्यायचं, आणि मनापासून द्यायचं.

आपल्याकडची सगळ्यात मोठी दोन जेवणं आठवा. पहिलं हस्तिनापूरचं. भगवान ऋषभदेव वर्षाहून अधिक काळ निराहार फिरत होते. लोक त्यांना हत्ती, घोडे, रत्नं द्यायला येत होते, पण आहार कसा द्यायचा हे कुणाला कळत नव्हतं. शेवटी श्रेयांसकुमारांनी उसाचा रस दिला. तो दिवस अक्षय तृतीयेचा. रत्नं नाकारली गेली आणि रस स्वीकारला गेला. दुसरं कौशांबीचं. भगवान महावीरांचा अभिग्रह पाच महिने पंचवीस दिवस चालला आणि तो पुरा झाला तो चंदनबालेच्या हातून. पायात बेड्या, डोळ्यांत पाणी, आणि सुपाच्या कोपऱ्यात उडदाचे बाकळे. आपण पर्युषणात दरवर्षी हे ऐकतो, डोळे पुसतो. आणि मग वर्षीतपाच्या पारण्याची पत्रिका छापताना लिहितो, "भव्य पारणा महोत्सव व बँक्वेट". तेरा महिने एक दिवसाआड उपवास करणारी बाई उसाच्या रसाने पारणं करते आणि बाहेर तिचे पाहुणे लाईव्ह काउंटरवर रांग लावतात. त्या तपाचं आणि त्या काउंटरचं काय नातं आहे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

उसाच्या रसावरून आणखी एक. आपण राहतो तो जिल्हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून लाखो माणसं कोयते आणि संसार घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. बायका पहाटे चुलीवर भाकरी थापून फडात उतरतात, मुलं पालावर राहतात. १९७२ च्या दुष्काळातल्या लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी आपल्या सासवांनी पाहिल्या आहेत. अशा मातीत राहून जेवणाच्या थाटाला मोठेपण मानणं मला जड जातं. पाहुण्याला गोडधोड घालू नये असं मी म्हणत नाही. पण ज्या जिल्ह्यात भाकरीसाठी सहा महिने घर सोडावं लागतं, तिथे अर्धी ताटं टाकून देणं हे पाप आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

आता दुसरी बाजूही मांडते, कारण माझ्या एका नणंदेने मला ती ठणकावून सांगितली. ती म्हणाली, "वहिनी, पंगतीचं कौतुक कुणी करावं? पुरुषांनी! बायका शेवटच्या पंगतीला बसायच्या, तोवर भाजीची फक्त तर्री उरलेली असायची." ती खरं बोलते. पंगतीतही कमी अन्याय नव्हता. मराठीत त्यासाठी शब्दच आहे, पंक्तिप्रपंच. एकाच ओळीत बसलेल्यांना जात बघून, पैसा बघून वेगवेगळं वाढणं. कुणाला ओळीतच न बसवणं. पैठणच्या एकनाथ महाराजांनी श्राद्धाचं अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढलं, ही कथा आजही सांगावी लागते, ती याच प्रपंचामुळे. बफेने एक गोष्ट नक्की केली : सासू-सुना, दीर-भावजया एकाच वेळी जेवू लागल्या. घरच्या बायकांचे वाढून वाढून मोडलेले पाय वाचले. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्ची मिळाली. हे मी मोकळ्या मनाने मान्य करते. उभ्याने जेवावं लागलं तरी चालेल, पण शेवटी उरलेलं जेवायला नको, असं एखादी म्हणाली तर तिला मी नावं ठेवणार नाही.

म्हणून माझं भांडण टेबल-खुर्चीशी नाही आणि इंग्रजीशीही नाही. हॉलच्या पाटीवर बँक्वेट हॉल लिहिलंय तर त्याला बँक्वेट हॉलच म्हणा. टेबल, स्टेशन, डॉक्टर हे शब्द आपण पचवले, हाही पचेल. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या जेवणाचं नाव तेच ठेवलं की जेवणाचा हेतूही हळूच बदलतो. प्रीतिभोज म्हटलं की घरचे विचारतात, कोण कोण येणार? बँक्वेट म्हटलं की विचारतात, काय काय ठेवणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर नात्यांच्या यादीत मिळतं. दुसऱ्याचं उत्तर शेजारच्या लग्नात किती पदार्थ होते, त्यावर अवलंबून असतं. तिथे तीस असतील तर आपल्याकडे पस्तीस. ही शर्यत संपत नाही आणि धावतं कोण? बहुतेक वेळा मुलीचा बाप. किमान इतक्या प्लेटची हमी द्या, असं केटरर सांगतो. तेवढी माणसं येवोत न येवोत, पैसे भरायचे. मग घरात बसून आपण पाहुणे वाढवायचे की कर्ज वाढवायचं, याचा हिशोब करतो.

या शर्यतीविरुद्ध आपल्याच समाजात काम झालं आहे, तेही विसरू नका. बीड जिल्ह्यात वाढलेल्या शांतिलाल मुथ्था यांनी १९८५ मध्ये भारतीय जैन संघटना स्थापन केली. लातूरच्या १९९३ च्या भूकंपानंतर मुलांना पुण्याला नेऊन शिकवणारी संस्था म्हणून लोक तिला ओळखतात. पण सुरुवातीच्या कामांतलं मोठं काम होतं सामूहिक विवाहांचं, हुंडा आणि लग्नातला डामडौल यांच्याविरुद्धचं. एका मांडवात अनेक लग्नं, सगळ्यांना एकच जेवण. आपल्यापैकी कितीतरी जणींची लग्नं अशा मांडवात झाली आणि संसार छान चालले आहेत. त्या लग्नात किती पदार्थ होते, हे आज कुणालाच आठवत नाही.

आणि आपला धर्म काय सांगतो, ते तर रोजच्या जगण्यातलंच आहे. बाह्य तपांच्या सहा प्रकारांत अनशनानंतर लगेच येते ती ऊनोदरी. भुकेपेक्षा दोन घास कमी खाणं. उपवास जमत नाही म्हणणाऱ्यांसाठी हे तप किती सोपं ठेवलंय! सातव्या व्रतात आपण उपभोग-परिभोगाचं परिमाण ठरवतो, आज इतकेच पदार्थ म्हणून. आपल्या आज्या ताट धुऊन ते पाणी पिऊन टाकायच्या. उष्ट्यात अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, संमूर्च्छिम जीव उत्पन्न होतात म्हणून. तो नियम बँक्वेटच्या हॉलमध्ये कसा पाळणार? मोठाल्या टबात पडलेली अर्धी ताटं बघितली की मला आजीचं स्वच्छ ताट आठवतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालात म्हटलंय की २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून. म्हणजे हॉलवाल्याला बोल लावून आपली सुटका नाही. सुरुवात आपल्या ताटापासूनच.

वेळेचंही तेच. थंडीत आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि बँक्वेट आठला सुरू होतं. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी, चौविहार करणाऱ्यांनी काय करायचं? "त्यांच्यासाठी संध्याकाळी वेगळी सोय केली आहे," असं सांगतात. माझ्या सासूबाईंना अशा एका समारंभात मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर एकटीला ताट दिलं होतं. ज्यांच्या पुण्याईवर घर उभं आहे त्या मागच्या खोलीत, आणि नियम मोडणारे झुंबराखाली. कांदा-बटाटा चालत नाही म्हणून कोपऱ्यात "जैन काउंटर" असतो. जैनांच्या लग्नात जैन काउंटर! हे वाचून हसू येईल, पण त्यातलं दुःख मोठं आहे.

मग करायचं काय? मला सुचतं ते सांगते, तुम्ही यात भर घाला. समारंभाची वेळ सूर्यास्ताआधी ठेवा, किंवा लग्न सकाळचं आणि जेवण दुपारचं. म्हणजे सगळे एकत्र जेवतील आणि वेगळ्या काउंटरची गरज उरणार नाही. पदार्थ किती ते आधी ठरवा आणि केटररशी बोलायला पुरुषांबरोबर आपणही बसा, कारण किती लागतं आणि किती उरतं याचा अंदाज आपल्याइतका कुणाला नसतो. दाल-बाटी, गट्ट्याची भाजी, कढी-भात, एक गोड. एवढ्यावर माणूस तृप्त होतो. निदान एका पंगतीत, टेबलावर का होईना, आग्रहाने वाढा. आणि तिथे बायका आधी, पुरुष नंतर असंही एकदा करून बघा, माझ्या नणंदेला आवडेल! ताट स्वच्छ करण्याचं पच्चक्खाण मुलांना लग्नाआधी आठ दिवस द्या, ती मोठ्यांनाही सांभाळून घेतील. उरलेलं शुद्ध अन्न त्याच संध्याकाळी कुणाच्या तरी पोटात जाईल, याची व्यवस्था आधी करून ठेवा. नंतर कुणाला वेळ नसतो.

आणि पत्रिका छापताना शब्द आपण निवडा. प्रीतिभोज लिहा, स्नेहभोजन लिहा, स्वामीवात्सल्य लिहा. छापखान्यातला मुलगा म्हणेल, "ताई, आजकाल बँक्वेट चालतं." त्याला सांगा, आमच्याकडे वात्सल्य चालतं. तो शब्द लिहिला की त्याला जागणं भाग पडेल. वात्सल्य लिहून कुणाला मागच्या खोलीत जेवायला बसवता येत नाही, आणि वात्सल्य लिहून अर्धं अन्न टबात ओतताना हात थरथरतो.

पुतणीला मी हेच उत्तर दिलं. बँक्वेट म्हणजे मोठ्या लोकांचं थाटाचं जेवण, बेटा, आणि मोठं जेवण म्हणजे ज्यात कुणीही उपाशी किंवा एकटं राहत नाही ते. तिचं लग्न पुढच्या वर्षी आहे. पत्रिकेवर कोणता शब्द येतो ते बघू!

तुमच्या घरी कोणता शब्द चालतो? माहेरच्या जुन्या पत्रिका असतील तर शोधा, आणि त्यात जेवणासाठी काय लिहिलंय ते मला जरूर कळवा.

मिच्छामि दुक्कडं आणि जय जिनेंद्र.